ताप नाही, कसर

आमच्या फॉर्मवरचा अकरावा प्रश्न मला अजून पाठ आहे. ‘गेल्या सात दिवसांत घरातल्या कुणाला ताप आला होता का?’ उत्तरं दोनच, हो किंवा नाही. हे मराठी वाक्य माझं. इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर मी केलं होतं आणि ते मूळ इंग्रजीबरहुकूम असल्याच्या कागदावर माझी सही आहे. त्या वाक्यामुळे पेठ रस्त्यावरच्या एका पाड्यात एक बाई खोटारडी ठरली. ती खोटं लिहीत नव्हती, हे तेव्हा एकट्या मला ठाऊक होतं.

करोना ओसरल्यावर नव्या विषाणूंच्या अभ्यासाला बरे दिवस आले. पुढची साथ कुठून येईल, जनावरातून माणसात कशी उतरेल, ती पसरायच्या आधी कशी ओळखायची, हे शोधायला जागोजागी प्रकल्प निघाले. तशाच एका प्रकल्पात मी क्षेत्र-पर्यवेक्षक म्हणून लागले. नाव भारदस्त, काम चपला झिजवायचं. जनावरांच्या अंगावरच्या गोचिडीतून माणसात येणारा एक विषाणू आम्ही शोधत होतो. नाशिकहून पेठकडे जाताना घाटापलीकडे लागणारे काही पाडे त्यासाठी निवडले होते. नवऱ्याची सातपूरला पहिली पाळी असली की तो पहाटेच बाहेर पडायचा. मग मी इंदिरानगरातून निघून साडेसातची पेठची बस धरायचे आणि दुपारी साडेतीनच्या बसने परतायचे. दिवसाची शेवटची सोयीची बस तीच.

पद्धत साधी होती. प्रत्येक पाड्यावरची एक थोडीफार शिकलेली बाई स्वयंसेविका म्हणून नेमायची. तिने दर आठवड्याला घरोघर जाऊन टॅबवर फॉर्म भरायचा. कुठे ‘हो’ आलं की दुसऱ्या दिवशी आमची गाडी जाणार, रक्त घेणार. त्याशिवाय सुरुवातीला एकदा आणि वर्षअखेर एकदा पाड्यावरच्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. विषाणू अंगात येऊन गेला असेल तर त्याच्या खुणा रक्तात राहतात, त्यावरून वर्षभरात कुणाकुणाला लागण झाली ते कळतं.

भाषांतराचीही पद्धत असते. मी इंग्रजीचं मराठी केलं. ते मराठी पुण्याच्या एका बाईंकडे गेलं, त्यांनी मूळ न बघता त्याचं परत इंग्रजी केलं. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहिली, तंतोतंत जुळली. सगळे खूश झाले. आमची मराठी पाड्यावरच्या मराठीशी जुळते का, हे कुणी पाहायला गेलं नाही. मीही गेले नाही.

ज्या बाईबद्दल लिहिते आहे, ती त्या वेळी तिशीची असेल. सातवी पास. नवरा वर्षातले सहा महिने द्राक्षबागांत मजुरीला, घरी सासू, दोन शेळ्या आणि एक म्हातारी गाय. आम्ही दिलेलं ओळखपत्र ती भात लावतानाही गळ्यातून काढत नसे, चिखल लागू नये म्हणून पोलक्यात खोचायची. टॅब पिशवीत, पिशवी प्लास्टिकच्या दुसऱ्या पिशवीत. मी मनात हसले होते. पुढे कळलं की माझ्या हाताखालच्या सगळ्या स्वयंसेविकांत जिचा टॅब एकदाही बिघडला नाही अशी ही एकटीच.

तिसऱ्याच आठवड्यात तिने मला बांधावर गाठलं. “मॅडम, तुमचा सवाल चुकतोय. ताप इचारला तर समदे नाय म्हणत्यात. कसर इचारली तर हो म्हणत्यात.”

“म्हणजे ताप आहेच ना?”

“नाय. ताप म्हंजे माणूस आडवा पडतो. सकाळी उठून कामाला गेला तर ताप कसला? त्याला कसर म्हणायचं. सांजंला चढती, डोळं जड व्हत्यात, हाडं दुखत्यात, सकाळी उतरती.” मग जरा हसून म्हणाली, “आनि मॅडम, ताप म्हणलं की तुमची गाडी येती, सुई टोचत्यात. डोक्याला ताप कुणाला पायजे?”

मला तिचं म्हणणं कळलं नाही, असं मला आज म्हणता येत नाही. माझं बालपण मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरात गेलं. माझी आई पदराने तोंड पुसत, “अंगात कसर आहे गं जरा,” म्हणायची आणि पुढची पोळी लाटायला घ्यायची. तिच्या तोंडून मी ‘ताप’ हा शब्द आम्हा मुलांबद्दल ऐकला, तिच्या स्वतःबद्दल कधी नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. भाषांतर करताना मी तीन शब्दकोश उघडले होते, आई मात्र आठवली नाही.

तिने पहिले काही आठवडे स्वतःच्या अकलेने काम केलं. कसर असली की ‘हो’ दाबलं. आमची गाडी सकाळी अकराला जायची. तोवर कसर उतरलेली, थर्मामीटर काही दाखवत नाही, आणि अर्धी माणसं मुकादमाच्या जीपमधून बागांवर गेलेली. रक्त घेणाऱ्या तुकडीचा तरुण डॉक्टर वैतागला. किट वाया जातात, तुमची बाई नीट विचारत नाही, असं त्याने मला फोनवर सुनावलं. भरीस भर म्हणजे मुकादमाच्या कानावर गेलं की या पाड्यावर रोज डॉक्टरची गाडी येते. त्याने रोगाच्या भीतीने दोन आठवडे तिथली माणसंच नेली नाहीत. ऐन हंगामात पाडा घरी बसला.

ऑफिसच्या बैठकीत मी विषय काढला, नाही असं नाही. आमचे मुख्य संशोधक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, त्यांनी विचारलं, “कसर म्हणजे काय?” मी म्हटलं, “बारीक ताप.” “मग ताप आपण विचारतोच आहोत की,” ते म्हणाले, आणि दोघं-तिघं हसले. अभ्यास अर्ध्यावर असताना प्रश्न बदलता येत नाही, हेही त्यांनी समजावून सांगितलं. ते खरंच आहे, मध्येच प्रश्न बदलला तर आधीचे महिने नंतरच्यांशी जुळत नाहीत. पण निदान शेजारी एक टीप लिहून ठेवू, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. तेवढ्यात चहा आला आणि मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन मी तिला सांगितलं, “फॉर्मवर आहे तेच विचारायचं. ताप म्हणाले तर हो, नाहीतर नाही दाबायचं.”

“आनि कसर?”

“कसर म्हणजे काही आजार नाही.”

हे मी बोलले. सर नाही, तो डॉक्टर नाही, मी. मनमाडच्या त्या बाईची मुलगी.

तिने ऐकलं. टॅबवर ‘नाही’ दाबायला लागली. पण तिला ते पचेना, म्हणून तिने दोनशे पानी शाळेची वही घेतली आणि त्यात वेगळं लिहायला लागली. घर कुठलं, माणूस कोण, कसर कुठल्या वारी चढली, किती दिवस राहिली. आणि आम्ही न विचारलेलं एक: गोचीड कुणाच्या अंगावरून निघाली, मानेवरून की काखेतून. एका पानावर लिहिलं होतं, ‘धाकटी सून. सोमवारी कानामागं गोचीड. शनवारी सांजंला कसर. तीन दिस.’ प्रकल्पाच्या इंग्रजी प्रस्तावात वीस पानं खर्चून जे शोधू म्हटलं होतं, ते या बाईने एका ओळीत लिहून ठेवलं होतं. मला ती वही माहीत होती. मी ती चाळली होती, आणि “छान अक्षर आहे गं तुझं,” एवढं म्हणून परत दिली होती.

मग तपासणी आली. बाहेरून दोन माणसं, आमच्या नोंदी खऱ्या आहेत की घरी बसून भरलेल्या, ते बघायला. अशी तपासणी हवीच, मी तिच्याविरुद्ध नाही. त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली होती. पाहुण्यांना चहा झाला, टॅब दाखवून झाला, आणि मग कौतुक होईल या आशेने तिने आपण होऊन ती वही पुढे केली.

त्यांनी वही उघडली, टॅब उघडला. एकाच घराच्या, एकाच तारखेच्या दोन नोंदी. इकडे आजारी, तिकडे कुणी आजारी नाही. त्यातल्या मोठ्याने शांतपणे विचारलं, “यातलं खोटं कुठलं?”

“खोटं कायबी नाय, साहेब. ताप नव्हता, कसर व्हती.”

“मग टॅबवर नाही का दाबलं?”

“मॅडमनी सांगितलं.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कराराची मुदत त्या महिनाअखेर संपत होती आणि नूतनीकरणाचा कागद याच माणसांच्या शेऱ्यावर अडकला होता. मी म्हटलं, “मी फक्त फॉर्मप्रमाणे विचार, एवढंच सांगितलं होतं.”

त्यात एक शब्द खोटा नव्हता. कानावर हात ठेवायची ही सुशिक्षितांची रीत आहे, खोटं न बोलता हात झटकायचे. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून ती थांबली होती, आणि ते मी बोललेच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिली होती. त्या दिवशी तिचा उपयोग झाला.

तिला काढलं. पत्रात कारण होतं, ‘नोंदींमध्ये विसंगती’. ओळखपत्र आणि टॅब परत घ्यायला मीच गेले. वहीही पुरावा म्हणून मागून घेतली. ऑफिसात म्हणाले, ती अभ्यासाचा भाग नाही, ठेवायची गरज नाही. म्हणून ती माझ्या घरी आली, आणि कपाटात साड्यांखाली गेली.

विसंगती हा शब्द पाड्यावर कुणाला कळणार? तिथे त्याचा अर्थ एकच झाला. ही बाई खोटं लिहीत होती, साहेबांनी पकडली. आणि मग लोकांनी मागचा हिशेब लावला. हिनेच खोटंनाटं आजारी लिहिलं, म्हणून डॉक्टरची गाडी आली, म्हणून मुकादमाने आपल्याला नेलं नाही. ऐन हंगामाचे दोन आठवडे हिच्या खोटेपणापायी बुडाले. आधी बायका तिला लाडाने कसरताई म्हणायच्या, तेच नाव आता शिवीसारखं झालं.

तिचा एकदा फोन आला. कामाबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, “काम ऱ्हाऊ द्या, मॅडम. तुमी फकस्त येकदा पाड्यावर या आनि घरोघर सांगा, का हिनं खोटं लिवलं नाय. बाया पान्यावर त्वांड फिरवत्यात. सासू जेवताना बोलत नाय. तुमी सांगितलं तर आयकतील.” मी म्हटलं, “येते गं. या आठवड्यात जमवते.”

तो आठवडा आला नाही. माझ्याकडे दुसरे पाडे दिले होते. करार वाढून मिळाला होता. ज्या बसने जायचं तीच बस रोज तिच्या फाट्यावरून जायची, आणि फाटा आला की मी मोबाइलमध्ये बघायचे.

वर्ष संपलं. सगळ्यांचं रक्त घेतलं, तपासलं. निकाल आला तेव्हा ऑफिसात पेढे वाटले. तिच्या पाड्यावर घरामागून घरात विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणजे विषाणू वर्षभर तिथे फिरत होता आणि आमच्या टॅबवर आठवड्यामागून आठवडे ‘नाही, नाही, नाही’ लिहिलेलं होतं. यातून सरांनी काय निष्कर्ष काढला? की या भागातल्या लोकांना लागण होते, पण त्रास होत नाही. शोधनिबंधात त्याला भारी शब्द होता, ‘लक्षणविरहित संसर्ग’. परिषदेत लोकांनी म्हणे उभं राहून दाद दिली. निबंधाच्या लेखकांत शेवटून तिसरं नाव माझं आहे.

माणसं रोज संध्याकाळी अंगात कसर घेऊन भाकऱ्या थापत होती, हाडं दुखत असताना दुसऱ्या दिवशी जीपमध्ये चढत होती, आणि आम्ही जगाला सांगितलं की यांना काही होत नाही. शेवटच्या परिच्छेदात शिफारशी होत्या. लक्षणं नसल्यामुळे तूर्त निरीक्षण पुरेसं. गुरांना गोचिडीचं औषध लावायचं, रानातून आल्यावर अंग तपासायला शिकवायचं, हे जे प्रतिबंधाचं काम पुढच्या टप्प्यात व्हायचं होतं, ते दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. तिथले लोक ‘ताप’ म्हणत असावेत.

त्या दिवशी घरी येऊन मी साड्यांखालची वही काढली. निकालाच्या यादीत नावं नसतात, घरांचे क्रमांक असतात, पण ते क्रमांक मीच दिलेले होते. एकेक घर लावत गेले. सगळी जुळली नाहीत, पण पुष्कळ जुळली. जिथे तिने गोचीड आणि मागोमाग कसर लिहिली होती, तिथे रक्तात खुणा होत्या. कानामागे गोचीड निघालेली ती धाकटी सूनही त्यात होती. नवऱ्याने विचारलं, काय झालं, का रडतेस? मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय.

वही घेऊन मी सरांकडे गेले. ते चिडले नाहीत. शांतपणे पानं उलटली आणि म्हणाले, “पण ही पडताळलेली नाही. आणि तपासणीच्या वेळी हिच्या नोंदींची जबाबदारी तुम्हीच नाकारली होती ना?” मी मान हलवली. त्यांचं बरोबरच होतं. ती वही खोटी ठरवायचं काम माझ्या एका वाक्याने आधीच चोख केलं होतं, त्यात कसर ठेवली नव्हती.

मी पाड्यावर गेले ती त्यानंतर, वरातीमागून घोडं. ती अंगणात नागली पाखडत होती. गळ्यात काळी पोत, ओळखपत्राची दोरी नाही. मला पाहून उठली, पाणी दिलं, घोंगडी अंथरली. मी वही तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. रक्ताचा निकाल, जुळलेली घरं, तपासणीच्या दिवशी मी काय बोलले नाही ते. शेवटी म्हणाले, “तुझं खरं होतं. माझं चुकलं.”

ती वहीवरची धूळ पुसत होती. म्हणाली, “मला कशाला सांगता? मला ठाऊकच व्हतं की.” आणि हाताने पाडा दाखवला. “त्यास्नी सांगा.”

सूप ठेवून ती उठली आणि चालायला लागली, मी मागोमाग. पहिल्या घरात एक म्हातारा होता. मी सांगितलं, या बाईने खोटं लिहिलं नव्हतं, चूक आमची होती. तो म्हणाला, बरं. दुसऱ्या घरात एक बाळंतीण, तिने तोंडावर पदर धरून हिच्याकडे पाहिलं आणि, “बस ना गं,” म्हणाली. मागे उभ्या असलेल्या हिने पटकन डोळे पुसले. तिसरं घर, चौथं घर. पाचव्याला कुलूप. सहाव्यालाही. पुढची सगळीच बंद.

“बागंवर गेल्यात,” ती म्हणाली. “सांजंला जीपनं समदी येत्यात. थांबा. भाकर खावा, रातीला सासूसंगं निजा. सकाळची बस हाय.”

मी घड्याळात पाहिलं. तीन वाजून गेले होते. संध्याकाळ म्हणजे तिच्या पाड्याची कसर चढायची वेळ, आणि वर्षभरात आमच्यातलं कुणीही एकदाही संध्याकाळपर्यंत तिथे थांबलं नव्हतं. मी म्हटलं, “आज घरी सांगून आले नाही गं. पुढच्या वेळी मुक्कामाला येते. राहिलेली घरं नक्की करते.”

तिने वही काखेत मारली. फाट्यापर्यंत सोडायला आली. बस लांब वळणावर दिसली तेव्हा तिने माझ्या पर्समधला पेन मागितला, वहीचं शेवटचं पान काढलं, गुडघ्यावर टेकवून तारीख टाकली आणि खाली तिच्या त्या छान अक्षरात एक ओळ लिहिली. पेन परत देताना पान माझ्याकडे वळवलं. ‘मॅडमनी चार घरं सांगितलं. बाकी कसर.’

याला आता दोन पावसाळे झाले. पेठची बस अजून साडेसातलाच सुटते.